वीरकाव्यातील नायक आणि इतिहास

मध्ययुगीन फ्रेंच वीरकाव्यात नायकाला मोठे करण्यासाठी शत्रूही बदलला जातो. इ. स. ७७८ मध्ये पिरेनीज पर्वतात शार्लमेनच्या पिछाडीवर बास्क टोळ्यांनी हल्ला केला व रोलां मारला गेला. सुमारे ११०० च्या 'रोलांचे गीत' या काव्यात मात्र हल्लेखोर मुसलमान ठरतात. मराठीत तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात तानाजीसाठी घोरपड कडा चढते. सभासद बखरीत मावळेच वानरांप्रमाणे चढतात. १६७० च्या या लढाईतील मोगलांचा किल्लेदार उदेभान राजपूत होता. म्हणून काव्याचा रस घेतानाच अध्यापकांनी शेजारी इतिहासही ठेवावा. अन्यथा काव्यातील शत्रूचा चेहरा वर्गातल्याच एखाद्या मुलाला चिकटतो.