चाळणीच्या दोन चुका

गहू चाळताना माती आणि बारीक कचरा खाली पडतो, गहू वर राहतो. पण गव्हाच्या दाण्याएवढा खडा असेल तर तोही वरच राहतो. तो पडावा म्हणून मोठ्या भोकांची चाळणी घेतली, तर खड्याबरोबर चांगले गहूही खाली जातात. म्हणून चाळून झाल्यावर गहू ताटात घेऊन निवडावे लागतात. संगणकांच्या जाळ्यावरील चर्चागटांतून नको असलेला मजकूर दूर करण्याचा प्रश्न असाच आहे. त्यामागे शाळेत शिकवले जाणारेच गणित आहे, म्हणून तो येथे समजावून घेऊ.

युजनेट ही अशा चर्चागटांची एक जुनी व्यवस्था. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना तिची कल्पना १९७९ साली सुचली. प्रत्येक विषयाचा वेगळा गट. एकाने लिहिलेला संदेश त्या गटाच्या सर्व वाचकांना दिसे. १२ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेतील कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्डच्या सोडतीची आपली जाहिरात हजारो गटांत एकदम टाकली. गट कोणत्या विषयाचा आहे हे पाहिलेच नव्हते. वाचक संतापले, पण एक गोष्ट स्पष्ट झाली. असा मजकूर पाठवणाऱ्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. वेळ जातो तो वाचणाऱ्यांचा.

नियमांची चाळणी

पहिला उपाय सरळ होता. ठरावीक व्यक्तीचे किंवा ठरावीक शब्द असलेले संदेश मला दाखवू नकोस, अशी यादी वाचकाने संगणकाला द्यायची. लॅरी वॉल यांनी १९८४ साली लिहिलेल्या ‘आर-एन’ या वाचन-प्रणालीत अशी सोय होती.

या उपायाला दोन मर्यादा आहेत. शब्दात एखादा ठिपका घातला किंवा स्पेलिंग बदलले, की संदेश यादीतून निसटतो. दुसरी मर्यादा याच्या उलट आहे. १९९६ साली इंग्लंडमधील स्कन्थॉर्प गावच्या लोकांना ‘अमेरिका ऑनलाइन’ या सेवेत खाते उघडता येईना. गावाच्या इंग्रजी नावातील लागोपाठची चार अक्षरे मिळून एक अश्लील शब्द होतो, आणि संगणकाने तेवढेच पाहिले होते!

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. फसव्या जाहिरातींत ‘मोफत’ हा शब्द फार येतो, म्हणून शिक्षकांच्या गटात त्यावर बंदी घातली. आता बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या कायद्याविषयी कोणी प्रश्न विचारला, तर तोही अडकेल.

शब्दांची साक्ष

यावर मार्ग सापडला तो अठराव्या शतकातील गणितात. थॉमस बेझ या इंग्लंडमधील धर्मोपदेशकाचा संभाव्यतेवरील निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झाला. नवा पुरावा हाती आल्यावर आपला अंदाज किती बदलावा, याचा तो विचार आहे. १९९८ साली मेहरान सहामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नको असलेली पत्रे ओळखण्यासाठी वापरला. २००२ साली पॉल ग्रॅहम यांच्या लेखामुळे ही पद्धत लोकप्रिय झाली.

आता हिशेब करू. समजा, गटातील जुने १०० संदेश आपण स्वतः वाचून दोन ढीग केले : नको असलेले ४० आणि हवे असलेले ६०. ‘मोफत’ हा शब्द नकोशा ढिगात २० संदेशांत आणि हव्या ढिगात ३ संदेशांत सापडला. म्हणजे ‘मोफत’ असलेल्या २३ संदेशांपैकी २० नकोसे. नव्या संदेशात ‘मोफत’ दिसला, तर तो नकोसा असण्याची संभाव्यता २० ÷ २३, म्हणजे सुमारे ८७ टक्के.

पण त्याच संदेशात ‘गृहपाठ’ हाही शब्द आहे. तो नकोशा ४० पैकी २ संदेशांत आणि हव्या ६० पैकी ३० संदेशांत आला होता. दोन्ही शब्दांची साक्ष एकत्र घेऊ :

नकोसा : ४० × (२०/४०) × (२/४०) = १
हवा : ६० × (३/६०) × (३०/६०) = १.५

एकूण २.५ पैकी १, म्हणजे ४० टक्के. एका शब्दाने गुन्हेगार ठरू पाहणारा संदेश दुसऱ्याच्या साक्षीने बराचसा सुटला. येथे आपण दोन शब्द एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे मानले. भाषेत ते तंतोतंत खरे नसते, तरी व्यवहारात पद्धत चांगली चालते.

उंबरठा कुठे ठेवायचा?

गणिताने टक्के दिले. अडवायचे की सोडायचे हे मात्र सांगितले नाही. ते आपण ठरवायचे. उंबरठा ३० टक्क्यांवर ठेवला तर ‘मोफत’ आणि ‘गृहपाठ’ असलेला संदेश अडेल. ९० वर ठेवला तर फक्त ‘मोफत’ असलेलाही सुटेल. एक चूक कमी केली की दुसरी वाढते. चाळणीच्या भोकांसारखेच हे आहे.

या दोन चुका सारख्या नाहीत. नकोसा संदेश आत आला, तर तो सर्वांना दिसतो आणि काढता येतो. हवा असलेला संदेश अडला, तर ते कोणालाच कळत नाही. एकशिक्षकी शाळेतील नव्या शिक्षिकेने प्रश्न विचारला आणि तो गुपचूप अडकला, तर तिला वाटेल की आपल्याला कोणी उत्तर दिले नाही. पुन्हा ती विचारीलच असे नाही.

ही चूक वाटते त्याहून जास्त वेळा होते. समजा १००० संदेशांत फक्त २० नकोसे आहेत आणि चाळणी दोन्ही बाजूंना १०० पैकी ९५ वेळा बरोबर आहे. ती २० पैकी १९ नकोसे पकडील. पण ९८० चांगल्या संदेशांचे ५ टक्के, म्हणजे ४९, हेही पकडील. पकडलेल्या ६८ पैकी ४९ निरपराध! ‘९५ टक्के अचूक’ हे शब्द ऐकताना हा हिशेब विसरू नये.

आणखी एक गोष्ट. चाळणी शिकते ती आपण केलेल्या ढिगांवरून. जुन्या संदेशांत अहिराणी किंवा वऱ्हाडी शब्द फक्त थट्टेच्या, काढून टाकलेल्या मजकुरात आले असतील, तर त्या बोलीत मनापासून लिहिणाराही संशयित ठरेल. आजच्या चाळण्या याहून पुष्कळ गुंतागुंतीच्या असल्या, तरी ढीग आणि उंबरठा हे दोन्ही प्रश्न त्यांनाही सुटलेले नाहीत.

वर्गात करून पाहा

मुलांकडून ३० चिठ्ठ्यांवर छोटे संदेश लिहून घ्या. काही खरे प्रश्न, काही जाहिराती. २० चिठ्ठ्यांचे दोन ढीग करून शब्द मोजायला सांगा आणि उरलेल्या १० चिठ्ठ्यांवर वरचा हिशेब लावा. एखादा शब्द एका ढिगात मुळीच नसेल तर गुणाकार शून्य होईल. अशा वेळी प्रत्येक मोजणीत १ मिळवून घ्यावा. मग विचारा : चूक कोणती झाली, आणि तिचा त्रास कोणाला झाला?

म्हणून आम्हाला वाटते की, चाळणीने अडवलेला मजकूर थेट फेकू नये. तो वेगळ्या कप्प्यात ठेवावा, कोणीतरी तो अधूनमधून नजरेखालून घालावा आणि संदेश अडल्याचे लिहिणाऱ्याला कळवावे. चाळणी काम हलके करते. चाळल्यावरचे निवडणे मात्र माणसालाच करावे लागते.