शोधयंत्र मोठे झाले, मराठीची पाने कुठे राहिली?

बेंबळी या नावाचे आपल्या बोलण्यात बेंबळीत, बेंबळीला, बेंबळीहून असे होते आणि गावचा माणूस बेंबळीकर होतो. ऐकणाऱ्याला त्यात काही अडचण वाटत नाही. अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या यंत्राला मात्र ही सगळी वेगवेगळी नावे वाटतात. त्यात रोमन लिपीत 'ळ'ला स्वतंत्र अक्षर नाही. मग आमचे बेंबळी, सोलापूरच्या माढा तालुक्यातले बेंबळे आणि यवतमाळचा बेंबळा प्रकल्प एकमेकांत मिसळायला वेळ लागत नाही. गूगल नावाची कंपनी कशी वाढली हे समजून घेताना आपल्या भाषेचा हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही.

1996च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन या विद्यार्थ्यांनी एक युक्ती शोधली. तेव्हाची शोधयंत्रे मुख्यतः पानावर कोणते शब्द आहेत, किती वेळा आहेत, हे पाहत. या दोघांनी त्या पानाकडे इतर किती पाने बोट दाखवतात हे मोजले. गावात चांगला वैद्य कोण, हे त्याच्या दारावरची पाटी वाचून ठरत नाही. चार माणसे कोणाचे नाव घेतात यावरून ठरते. त्या चौघांत ज्याच्या शब्दाला मान, त्याच्या शिफारशीला वजन जास्त. हेच गणित त्यांनी कोट्यवधी पानांना लावले आणि सप्टेंबर 1998मध्ये कंपनीची नोंदणी केली.

शोध फुकट होता. पैसा 2000 साली सुरू झालेल्या जाहिरात योजनेतून आला. माणूस काय शोधतो आहे हे त्याच क्षणी कळत असल्याने त्याच्यासमोर नेमकी त्याच वस्तूची जाहिरात ठेवता येते. जागेसाठी जाहिरातदार बोली लावतात आणि कोणी जाहिरातीवर बोट ठेवले तरच पैसे मोजतात. 2004 साली 85 डॉलरला एक या भावाने कंपनीचे शेअर बाजारात आले. पुढे 2005मध्ये अँड्रॉइड आणि 2006मध्ये यूट्यूब विकत घेतले गेले, 2008मध्ये क्रोम आले. या प्रत्येक वाटेने माणूस अखेर त्याच शोधचौकटीपाशी पोहोचत होता. या वर्चस्वाला पुढे आव्हानेही मिळाली. ऑक्टोबर 2022मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने कंपनीला 1337 कोटी 76 लाख रुपयांचा दंड केला. ऑगस्ट 2024मध्ये अमेरिकेतील संघीय न्यायालयाने शोधातील मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवल्याचा निकाल दिला.

या काळात मराठी कुठे होती? सुरुवातीची अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःच्या खास फाँटमध्ये होती. वाचकाला पडद्यावर मराठी दिसे, पण आत साठवलेली असत रोमन अक्षरे आणि चिन्हे. शोधयंत्राच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. युनिकोडने प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला, तेव्हा कुठे ही पाने यंत्राला वाचता येऊ लागली. 1 मे 2003 रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. गूगलच्या भाषांतर सेवेत मराठी 2013मध्ये आली. विभक्तीचा प्रश्न आपल्याकडच्या संशोधकांनीही हाती घेतला. मुंबईच्या आयआयटीच्या पुढाकाराने 'संधान' हे भारतीय भाषांसाठीचे शोधयंत्र तयार झाले. पर्यटन हा त्याचा विषय होता आणि त्यात मराठीही होती. अशा यंत्राला प्रत्यय सोडवून मूळ शब्द गाठावा लागतो. 'किल्ल्यावर'मधून 'किल्ला' काढावा लागतो.

तरीही जे लिहिलेच गेले नाही ते कोणतेही यंत्र शोधू शकत नाही. आमच्या भागातले निजामकाळातील कागद उर्दूत आणि मोडीत आहेत. त्यांतले फार थोडे युनिकोडमध्ये आले आहे. 2023मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. त्याआधीच्या छापील मजकुरात बहुतेक ठिकाणी उस्मानाबाद आहे. ही दोन नावे एकाच जिल्ह्याची आहेत हे यंत्र शिकते ते दोन्ही नावे जवळजवळ लिहिलेल्या पानांवरूनच.

आता यंत्र पानांची यादी देण्याऐवजी स्वतःच उत्तर रचून देऊ लागले आहे. यादीत चुकीचे पान आले तर वाचक ते उघडून पाहतो आणि सोडून देतो. रचलेल्या उत्तरात बेंबळ्याची माहिती बेंबळीच्या नावावर चिकटली, तर ती चूक पकडायला गावाची ओळख असलेलाच माणूस लागतो. आणि ज्या गावाबद्दल पाने कमी, तिथे अशी चूक होण्याची शक्यता जास्त.

त्यामुळे गावची स्मरणिका, शाळेचा इतिहास, जत्रेची माहिती जालावर ठेवताना नुसता फोटो टाकू नये. मजकूर युनिकोडमध्ये टंकावा. गावासोबत तालुका आणि जिल्हा लिहावा, जिल्ह्याचे जुने नावही द्यावे. माहिती कोणाकडून, कोणत्या वर्षी घेतली तेही नोंदवावे. एवढे काम गावातली दोन पोरे एका सुट्टीत करू शकतात, आणि ते गावाबाहेरचे कोणी येऊन करणार नाही.