यमूच्या निवेदनातील पात्रांचे प्रथमदर्शन : आदरार्थी रूपांच्या अनुषंगाने

कादंबरीतील पात्राची पहिली ओळख वर्णनातून होते, असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. मराठीत मात्र वर्णनाला आरंभ होण्यापूर्वीच सर्वनाम व क्रियापद यांनी आपले कार्य केलेले असते. ‘तो आला’ आणि ‘ते आले’ या वाक्यांत घटना एकच. परंतु दुसऱ्यात बोलणाऱ्याचे त्या व्यक्तीशी असलेले नातेही व्यक्त होते. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या आधारे या व्यापाराचा थोडा विचार करावयाचा आहे.

निवेदन यमूचे, म्हणून प्रथमपुरुषी आहे. लेखक पुरुष, पण ‘गेलों’ऐवजी ‘गेलें’ हे एक रूप येताच बोलणारी स्त्री आहे हे निश्चित होते. इंग्रजी निवेदकास यासाठी निराळी खूण द्यावी लागली असती. अर्थात ही खूणही बोलीसापेक्ष आहे. कोल्हापूरकडे स्त्रियाही ‘मी येतो’ म्हणतात.

आता घरातील माणसे घ्या. मराठीत आईस ‘तू’ व ‘ती’, तर यमूच्या काळच्या पांढरपेशा घरात वडिलांस ‘तुम्ही’ व ‘ते’. परिणामी आई जवळची आणि वडील दूरचे, असा ग्रह वाचकाच्या मनात तत्काळ होतो. आज पिंपरी-चिंचवड व चाकण या कारखानदारीच्या पट्ट्यात खानदेश, मराठवाडा, विदर्भ येथून आलेली कुटुंबे शेजारी राहतात आणि वडिलांना ‘ए बाबा’ म्हणणारी घरेही पुष्कळ आहेत. अशा घरातील विद्यार्थ्यास यमूचे अनेकवचन कोरडे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते अनेकवचन त्या पित्याचा स्वभाव सांगत नाही. त्या घराचा रिवाज सांगते. स्वभाव पाहावयाचा तो त्याच्या वागणुकीत.

पतीच्या बाबतीत हा प्रकार अधिक टोकाला जातो. त्या काळी पत्नीने पतीचे नाव घ्यावयाचे नसे. ‘इकडून सांगणे झाले’ अशा रचनेत कर्ता पंचमीसारख्या रूपात जातो व क्रिया नपुंसकलिंगी होते. जणू माणूस नाहीच, केवळ एक दिशा आहे. वरवर पाहता यापेक्षा मोठे अंतर संभवत नाही. पण यमूला लिहिण्यावाचण्याची गोडी लावणारा, तिला माणूस म्हणून वागविणारा रघुनाथ हाच तिच्या आयुष्यातील अत्यंत निकटचा पुरुष होय.

याच्या उलट शंकरमामंजी. यमू विधवा झाल्यावर तिचे बळजबरीने केशवपन करविणारा हा सासरचा वडीलधारा. त्याच्या नावातच आदराचा ‘जी’ आहे आणि नात्यामुळे यमूला त्याच्याविषयी आदरार्थीच बोलणे भाग आहे. आपला तिरस्कार तिला क्रियापदात ठेवता येत नाही. तो तिला केवळ घडलेल्या गोष्टी क्रमाने सांगून व्यक्त करावा लागतो.

जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे (१८१३) मूळ नाव ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’ असे होते. तेथे पहिला ग्रह चुकतो तो पात्रांच्या अहंकारामुळे व पूर्वग्रहामुळे. येथे तो चुकण्याचा संभव आहे तो वाचकाने व्याकरणातील सक्तीला मनातील भाव मानल्यामुळे. निवेदिकेचे ‘ते’ हे सर्वनाम संमतीचे द्योतक समजले, तर तिचा मूक निषेध आपल्या कानी पडणार नाही. म्हणून जुनी कादंबरी शिकविताना व अभ्यासताना प्रत्येक आदरार्थी रूपाविषयी प्रथम एक प्रश्न विचारावा : येथे दुसरे रूप वापरण्याची मुभा बोलणाऱ्यास होती काय? नसल्यास त्या रूपावरून आदर सिद्ध होत नाही. मुभा असूनही ते निवडले असेल, तरच त्यास पात्रपरीक्षणात पुराव्याचे मोल द्यावे.