पडायला आलेले वाडे नाशिककर सोडत का नाहीत?

पावसाळा तोंडावर आला की जुन्या नाशकातल्या अनेक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा जातात. इमारत धोकादायक आहे, खाली करा. तरीही आत स्वयंपाक सुरू असतो, दोरीवर कपडे वाळत असतात. जीव धोक्यात घालून लोक तिथेच का राहतात?

वाडा बांधला कुणासाठी?

एका मोठ्या कुटुंबासाठी. दिंडी दरवाजा, ओसरी, मधे मोकळा चौक, भोवती सागवानी खांब, आत माजघर आणि देवघर. पाहुणे ओसरीवर, घरातल्यांचा वावर माजघरात. उजेड आणि वारा चौकातून. पंचवटीत तीर्थोपाध्यायांच्या वाड्यांत यजमानही मुक्कामाला असायचे.

मग बदललं काय?

मुलं नोकरीसाठी बाहेर पडली, एकत्र कुटुंबं विभागली आणि रिकाम्या खोल्या भाड्याने गेल्या. एका चुलीच्या जागी अनेक चुली आल्या. ओसरीत पार्टिशन, पडवीत मोरी, रस्त्याकडच्या खोलीत दुकान. मोरीचं पाणी मातीच्या भिंतीत मुरतं, खांबाचं बूड कुजतं. चौकावर पत्रे टाकले की ओल वाळतच नाही.

दुरुस्ती का होत नाही?

१९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुनी भाडी गोठवली. १ सप्टेंबर १९४० ला असलेलं किंवा त्यानंतर पहिल्यांदा ठरलेलं भाडं हाच आधार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मुळे वर्षाला ४ टक्के वाढ मिळू लागली. म्हणजे भाडं १०० रुपये असेल तर वाढ ४ रुपये. असे १० भाडेकरू धरले तरी महिन्याला मिळतात १,००० रुपये. त्यात एक सागवानी खांबही बदलून होत नाही. त्यात मालकी अनेक वारसांत वाटलेली असेल, तर सगळ्यांच्या सह्या जमवणं वेगळंच.

भाडेकरूची अडचण वेगळी आहे. एकदा बाहेर पडलो की हक्क गेला, ही भीती. शिवाय या भाड्यात शहरात दुसरी खोली मिळत नाही. सांगलीकडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केलं की, इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. पण तो हक्क प्रत्यक्षात मिळवायला कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतात. म्हणून मालक थांबतो, भाडेकरूही थांबतो. वाडा मात्र थांबत नाही.

वाचलेले वाडे कोणते?

सराफ बाजारातला पेशवेकालीन सरकारवाडा उभा आहे, कारण तो राज्य संरक्षित स्मारक आहे आणि तिथे पुरातत्त्व विभागाचं कार्यालय आहे. वापर बदलला, पण खर्च करणारं कुणीतरी होतं. खासगी वाड्यांना तो आधार नाही. बरेच वाडे पाडले जातात आणि तिथे फ्लॅट येतात. गल्ली अरुंद असेल तर उंच बांधकामाला परवानगी मिळत नाही, त्यामुळे बिल्डरही फिरकत नाही.

तुम्ही अशा वाड्यात राहत असाल तर?

भाडेपावत्या, वीजबिलं, खोलीचं मोजमाप आणि फोटो आत्ताच जपून ठेवा. खोली सोडण्याआधी ताब्याची लेखी नोंद करून घ्या, वकिलाला दाखवा. कागद हातात असला की पावसाच्या आधी बाहेर पडणं सोपं जातं. हक्कासाठी नंतर भांडता येतं, त्यासाठी भिंतीखाली राहायची गरज नाही.