गिनी पिगला लंघन चालत नाही

आधी एक आवाज ऐका.

[वीऽक वीऽक! वीऽक वीऽक!]

हा अलार्म नाही, हा आमचा तिळगूळ. भाजीची पिशवी नुसती चुरचुरली तरी साहेब आतल्या खोलीतून ओरडायला लागतात. ज्यांच्या घरी गिनी पिग आहे, ते आत्ता हसत असतील. आजचा भाग खास तुमच्यासाठी, कारण मला त्या दिवसाबद्दल बोलायचंय, ज्या दिवशी पिशवी वाजते आणि हा आवाज येत नाही.

तिळगूळच्या आधी आमच्याकडे लाडू होता. एका शनिवारी सकाळी मी कोथिंबीर निवडायला घेतली, तरी लाडू कोपऱ्यातून हलला नाही. अंगावरचे केस फुगलेले, डोळे अर्धवट मिटलेले, रात्रीचं गवत तसंच पडलेलं. आजी म्हणाली, "अगं, पोट बिघडलं असेल त्याचं. राहू दे एक दिवस उपाशी, होईल बरा." मलाही ते पटलं. पोट बिघडलं की लंघन, हे आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं असतं ना! मी खाणं काढून घेतलं, फक्त पाणी ठेवलं. रविवारी डॉक्टर शोधण्यात दिवस गेला. सोमवारी दुपारी लाडू गेला.

आजीला मी दोष देत नाही. माणसाच्या बाबतीत तो सल्ला बऱ्याचदा चालून जातो. गिनी पिगच्या बाबतीत मात्र तो नेमका उलटा आहे.

का, ते सांगते. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, दिवसरात्र गवत चरणारा. आपल्याकडे अपेंडिक्स जिथे लटकतं ना, तिथे त्याच्या आतड्याला एक भलीमोठी पिशवी असते. गवत तिथे आंबतं, जंतू ते फोडतात आणि त्यातून याला पोषण मिळतं. थोडक्यात, पोटात कायम इडलीचं पीठ आंबत ठेवलंय असं समजा. वरून गवत येत राहिलं की आतडी हलती राहतात. खाणं थांबलं की आतड्यांची हालचाल मंदावते, चांगले जंतू कमी होतात, वायू करणारे वाढतात. त्यात गिनी पिगला उलटी करता येत नाही. वायूने पोट दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही, आणि खात नाही म्हणून वायू आणखी वाढतो. शिवाय उपाशी शरीर स्वतःची चरबी वापरायला काढतं आणि ती यकृतात साचायला लागते. म्हणून इथे हिशेब दिवसांचा नसतो, तासांचा असतो. १२ तास काहीच खाल्लं नाही, तर डॉक्टरकडे जायची वेळ झालेली आहे, उद्यावर ढकलायचं नाही.

आता हे ओळखायचं कसं? हा शिकार होणारा प्राणी, त्यामुळे दुखणं लपवण्यात पटाईत. तो तुम्हाला काही सांगणार नाही. सांगतात त्या लेंड्या. हो, लेंड्याच! तब्येत ठीक असेल तर दिवसाला शंभराच्या वर पडतात: लांबट, तपकिरी, सगळ्या साधारण एका आकाराच्या. लहान, कोरड्या, टोकदार किंवा एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या, की काहीतरी बिनसलंय. पडायच्याच थांबल्या, तर फोन उचला. आणि तो मागे वाकून स्वतःचीच एखादी मऊ लेंडी खाताना दिसला, तर ईऽऽ करू नका. त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात, ते नॉर्मल आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे वजन. किचनमधला डिजिटल काटा घ्या, त्यावर डबा ठेवा, डब्यात तो. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी. हजार ग्रॅमच्या आत-बाहेरच्या या जिवाचं वजन ५० ग्रॅम उतरलं तरी ते लक्ष द्यावं इतकं असतं.

पातळ जुलाब झाले तर घरी बसून वाट बघायची नाही, कारण शरीरातलं पाणी फार लवकर कमी होतं. लेंडी नुसती मऊ पडतेय, पण स्वारी मजेत खातेय, तर भाजी-फळं बंद करून फक्त गवत आणि पाणी ठेवा. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर दाखवून या. आणि पोट दोन्ही बाजूंनी फुगून ढोलकीसारखं ताठ लागत असेल, तर त्याला काहीही भरवू नका, चोळू नका, सरळ रिक्षा पकडा.

पोट ताठ नसेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर हाताने भरवावं लागतं. त्याचेच पेलेट कोमट पाण्यात भिजवून पातळ पेज करायची. सुई नसलेली छोटी सिरिंज समोरच्या दातांच्या मागे, गालाच्या बाजूने घालायची. एका वेळी अर्धा मिली, चावू द्यायचं, गिळू द्यायचं, मग पुढचं. घाई केली तर पेज श्वासनलिकेत जाते. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा.

पण पोट हा बऱ्याचदा शेवटचा डबा असतो, इंजिन दुसरीकडेच असतं. गिनी पिगचे दात जन्मभर वाढतात; गवत कमी पडलं की दाढा वाढून जिभेला अडकतात आणि खाणं थांबतं. लघवीच्या खड्याने दुखत असेल तरी खाणं थांबतं. आपल्यासारखंच त्यालाही क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही. दुकानात पोत्यातून सुटे मिळणारे पेलेट बहुतेकदा सशाचे असतात, त्यात ते घातलेलं नसतं. रोज ढोबळी मिरचीची एक फोड द्या, स्वस्त आणि मस्त. पाण्यात थेंब टाकण्यात अर्थ नाही, ते लवकर निकामी होतात. कोबी-फ्लॉवर जपून, कांदा-लसूण अजिबात नाही. मारी बिस्किट आणि पोळीचा तुकडा 'प्रेमाने' देणाऱ्या पाहुण्यांना तर मी दारातच सांगते. ताटातलं ऐंशी टक्के वाळलेलं गवतच हवं. जनावरांसाठी मिळणारा लसूणघास लहान पिल्लांना ठीक, मोठ्यांना रोज नको. त्यात कॅल्शियम फार, आणि मग खडे.

एक गोष्ट मात्र लिहूनच ठेवा. घरातल्या डब्यातलं अँटिबायोटिक गिनी पिगला कधीही द्यायचं नाही. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही आपली नेहमीची औषधं त्याच्या आतड्यातले चांगले जंतू मारतात, घातक जंतूंना रान मोकळं मिळतं आणि काही दिवसांत जीव जातो. गंमत बघा, मे १९४० मध्ये ऑक्सफर्डला हॉवर्ड फ्लोरींनी पेनिसिलिनची पहिली मोठी चाचणी आठ उंदरांवर घेतली. उंदरांऐवजी गिनी पिग असते, तर औषधच विषारी म्हणून बाजूला पडलं असतं कदाचित. म्हणून डॉक्टरांना आधीच फोन करून विचारा, "गिनी पिग बघता का?" कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टरही यात अनुभवी असतीलच असं नाही. हा नंबर आज, सगळं ठीक असताना, सेव्ह करा.

गेल्या एप्रिलमध्ये दुपारी लाइट गेली, पंखा बंद, खोलीची भट्टी झाली. संध्याकाळी पिशवी वाजवली, तिळगूळ गप्प. या वेळी आम्ही तासाभरात डॉक्टरकडे होतो. त्यांनी एक्स-रे काढला, सलाइन कातडीखाली दिलं, दुखणं कमी करणारं औषध दिलं आणि भरवायचं वेळापत्रक हातात ठेवलं. रात्रीची पाळी आजीने मागून घेतली. "मी नाहीतरी जागीच असते," एवढंच म्हणाली. लाडूचं नाव दोघींनीही काढलं नाही.

सकाळी उठले तर ती खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेली, मांडीवर टॉवेलात तिळगूळ. शेजारी दुधाच्या हिशेबाची वही उघडी होती. त्यात तिच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं:

१.०० — पेज, थोडी थुंकली.
३.०० — पेज, नीट.
४.१० — लेंड्या ३.