शितावरून भाताची परीक्षा

आमच्या शास्त्रकारांनीं स्थालीपुलाकन्याय म्हणून एक न्याय सांगितला आहे. भात शिजला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं गृहिणी सगळी हंडी उपसून पाहात नाहीं. एक शीत काढून बोटांनीं दाबते. संकटकाळीं कंपनीच्या चालकांची परीक्षा अशीच करावी लागते. मात्र शीत कोठून उचलावें, हें कळलें पाहिजे.

2020 सालच्या मार्च महिन्यांत सांथीच्या भयानें शेअरबाजार कोसळला, तेव्हां आमचा पुतण्या ठेवीची पावती घेऊन आमच्यापुढें बसला. ठेव त्याच्या धाकट्या बहिणीच्या शिक्षणाची. "काका, संगणक-कंपन्यांचे भाव पडले आहेत. ही मोडूं या का?" आम्हीं त्यास एकदम नकार दिला नाहीं, हैदराबादच्या सत्यम कंपनीची हकीकत सांगितली.

2008 च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली व जगभर मंदी पसरली. आमच्या संगणक-कंपन्यांचें पुष्कळसें उत्पन्न अमेरिकेंतून येणारें. म्हणून भल्याबुऱ्या सर्वांचेच भाव उतरले. तेव्हां उतरलेला भाव हा दोषाचा पुरावा नव्हे, आणि स्वस्ताईचाही नव्हे. त्याच वर्षीं सत्यमला उत्तम कारभाराबद्दल 'गोल्डन पीकॉक' हें पारितोषिक मिळालें होतें. पुढें 16 डिसेंबर रोजीं संचालकांनीं संस्थापकांच्याच कुटुंबाच्या 'मेटास' नांवाच्या दोन कंपन्या सुमारें 160 कोटी डॉलरांस घेण्याचें ठरविलें. भागधारक खवळले, आणि तो बेत तत्काळ सोडावा लागला. 7 जानेवारी 2009 रोजीं अध्यक्ष रामलिंग राजू यांनीं पत्र लिहून कबूल केलें कीं, वह्यांत दाखविलेल्या 5,361 कोटी रुपयांच्या शिल्लकेपैकीं 5,040 कोटी मुळीं नव्हतेच. त्या एका दिवसांत भाव सुमारें 179 रुपयांवरून 40 च्या आसपास आला.

आतां शितें कोणतीं? पहिलें, नफा लेखणीनेंही वाढवितां येतो. म्हणून शिल्लक मोठी असेल तर तिच्यावर हातीं आलेलें व्याज पाहावें. सत्यमनें येणें म्हणून दाखविलेलें 376 कोटींचें व्याजही कल्पितच होतें. दुसरें, चालकांचा स्वतःचा हिस्सा. 2008 पर्यंत तो शेंकडा 9 च्या आंत आला होता, आणि तोही सावकारांकडे गहाण! गहाणाची ही माहिती प्रसिद्ध करण्याची सक्ती सेबीनें या प्रकरणानंतर केली. आज ती कोणासही वाचतां येते. तिसरें, मंदींत इतर कंपन्या पैसा जपून ठेवीत असतां यांचा पैसा कोणाच्या घरीं चालला आहे? पारितोषिक हें मात्र शीत नव्हे. तें हंडीवरचें झांकण होय.

एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. कारभारी खोटे निघाले तरी काम करणारे खोटे नव्हते. म्हणूनच एप्रिल 2009 मध्यें पुण्याच्या टेक महिंद्रानें 58 रुपये भावानें त्या कंपनीचा ताबा मिळविला व 2013 सालीं तिला आपल्यांत सामावून घेतलें.

पुतण्यानें ठेव मोडली नाहीं. आपल्या पगारांतील शिल्लकेंतून, तीन संध्याकाळ वार्षिक अहवाल वाचून, त्यानें थोडे शेअर घेतले. पुढें बाजार झपाट्यानें वर चढला. "काका, तुमच्या न्यायापायीं माझे पैसे दुप्पट व्हावयाचे राहिले," असें पुतणी अजून हंसून म्हणते. तिचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु त्या मार्चांत पुढचें कोणास दिसत होतें? आपली चूक आपल्या पैशानें भोगावी. बहिणीच्या पैशानें नव्हे. तिची फी ठरल्या दिवशीं भरली गेली, आणि आमच्या हिशेबीं तोच मोठा लाभ.