जिभेचा लगाम

याकोबाच्या पत्राचा अध्याय 3 वाचतांना आम्हां शिक्षकांस थोडें ओशाळावें लागतें. कारण तेथील ताकीद प्रथम शिक्षकांसच आहे. घोड्याचा लगाम, तारवाचें सुकाणूं व रान पेटविणारी ठिणगी, हे त्यांतील दाखले. पहिल्या दोहोंतील मेख अशी कीं, लगाम व सुकाणूं आपण होऊन कांहींच करीत नाहींत; त्यांवर कोणाचा तरी हात असतो. जिभेला मनुष्य वश करूं शकत नाहीं, असें याकोब स्पष्ट म्हणतो. म्हणूनच स्तोत्र 141 चा कर्ता आपल्या मुखावर पहारा ठेवण्याविषयीं परमेश्वरासच विनवितो. तथापि क्षणभर थांबणें आपल्या हातीं आहे. वर्गांत सोबत्यास टोपणनांव ठेवण्यापूर्वीं, अथवा घरीं मुलास “गाढवा” म्हणण्यापूर्वीं, तेवढें थांबावें. सकाळच्या उपासनेंत स्तुति करणारें तोंड तेंच असतें, ही विसंगति याकोबानें त्याच अध्यायांत दाखविली आहे.